तिसरं मत कुणाचं?

मी ज्या प्रकल्पाच्या पीएमसीची, म्हणजे तो चालवणाऱ्या व्यवस्थापन समितीची, चेअर आहे, तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा, म्हणजे स्वयंसेवकांच्या जोरावर ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेचा. प्रकल्पाचं नाव मुद्दाम सांगत नाही, त्यात एका माणसाचा प्रश्न आहे. चेअर म्हटलं की लोकांना वाटतं मी सगळ्यांची साहेब. प्रत्यक्षात अधिकार नावापुरता. मुख्य काम म्हणजे दर तीन महिन्यांनी संचालक मंडळाला अहवाल पाठवणं. फाउंडेशनमध्ये दोनशेच्या वर प्रकल्प, संचालक नऊ, तेही बिनपगारी. महिन्यातून एकदा बुधवारी बैठक, आणि त्याआधी अहवालांचा हा गठ्ठा वाचून काढायचा.

अहवालासाठी एक तयार साधन आहे. कमिट (कोडमध्ये नोंदलेले बदल), पीआर (बदलांचे प्रस्ताव), ईमेल यांचे आकडे ते आपोआप भरून देतं, आणि बरेच चेअर तिथेच थांबतात. गेल्या तिमाहीत आमचे कमिट भरपूर वाढलेले दिसले. बदलांचा लॉग उघडला, तर निम्म्याहून जास्त डिपेंडाबॉट या स्वयंचलित प्रोग्रामचे. आम्ही वापरतो त्या कुठल्या तरी लायब्ररीची (तयार कोडची) नवी आवृत्ती येते, बॉट पीआर टाकतो, कुणीतरी तो आमच्या कोडमध्ये मर्ज करून टाकतो, आणि आलेख चढतो. माणसं तेवढीच, खरं तर कमीच. अशा आलेखाखाली 'समुदाय सुदृढ आहे' असं बिनदिक्कत लिहिलेले अहवाल मी वाचलेत. लिहिणाऱ्याने लॉग पाहिलाच नसावा, किंवा पाहून गप्प बसला असावा.

मंडळाला आमच्या कोडमध्ये नाक खुपसायचं नसतं. गरज पडली तर रिलीजवर, म्हणजे नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्यावर, मत द्यायला तीन जिवंत माणसं हजर होतील का, हे त्यांना कळायला हवं. कारण रिलीजला पीएमसी सदस्यांची किमान तीन 'प्लस वन', म्हणजे होकाराची, मतं लागतात. आणि हे मत म्हणजे लाइक ठोकणं नव्हे. सोर्स पॅकेज (मूळ कोडचा गठ्ठा) स्वतःच्या मशीनवर उतरवायचं, त्याची डिजिटल सही आणि चेकसम (फाइल बदललेली नाही ना, हे दाखवणारा आकडा) तपासायचे, लायसन्स आणि नोटिस फाइल वाचायच्या, दिलंय तसंच कंपाइल करून चालवून बघायचं. मनापासून केलं तर रविवारची दुपार त्यात जाते. मतदान निदान 72 तास खुलं ठेवायची पद्धत आहे. आमचं मागचं रिलीज तिसऱ्या मतासाठी कितीतरी जास्त दिवस लटकलं होतं, आणि कागदावर पीएमसीत डझनभराहून अधिक नावं आहेत!

मी हे 'अडचणी'च्या सदरात जसंच्या तसं लिहिलं आणि मसुदा पीएमसीला दाखवला. सुरुवातीपासूनचे एक ज्येष्ठ सहकारी वैतागले. त्यांचं म्हणणं, मागच्या वेळचं 'मंडळाने लक्ष घालावं असं काही नाही' हे वाक्य परत टाक, नाहीतर आपली रवानगी ॲटिकमध्ये होईल. ॲटिक म्हणजे थांबलेले प्रकल्प ठेवायचा माळा, 2008 पासूनचा. पण मंडळ तिथे कुणाला हौसेने ढकलत नाही. आणि तीन मतं जमेनाशी झाली, तर गोड वाक्यांनी तरी किती दिवस निभावणार?

खरा गुंता वेगळाच होता. ते तिसरं मत बरीच वर्षं एकाच माणसाकडून यायचं, आणि त्याची नोकरी गेली होती. अहवालात खासगी म्हणून खूण केलेला मजकूर सार्वजनिक इतिवृत्तातून वगळतात. ती सोय मी वापरू शकले असते. पण मग मदतीची गरज पीएमसीबाहेरच्या कमिटरना, म्हणजे कोडमध्ये थेट बदल करायचा अधिकार असलेल्यांना, कळणार कशी? त्याला विचारलं. तो म्हणाला, "वेळ कमी मिळतो एवढंच लिही, कारण नको." तेवढंच लिहिलं.

एका संचालकाने नेमका प्रश्न विचारला: पीएमसीत घेण्याजोगे कमिटर आहेत का? होते की! दोघांची नावं आम्ही 'अजून थोडं काम बघू' म्हणत लोंबकळत ठेवली होती. असली चालढकल करण्यात आमच्या पीएमसीचा हात कुणी धरणार नाही. दोघांना आमंत्रण गेलं. एकीने होकार दिला, दुसऱ्याचं उत्तर अजून नाही.

पण इतक्या छोट्या प्रकल्पात नाव न घेताही माणूस ओळखू येतो. इतिवृत्त प्रसिद्ध झाल्यावर लोक त्याला 'काळजी घे' म्हणून निरोप पाठवू लागले. तो माझ्यावर नव्हे, त्या निरोपांवर चिडला. "मी आजारी आहे का?" म्हणाला.

पुढच्या रिलीजला नव्या सदस्येने पहिलं मत दिलं, मी दुसरं. तिसरं त्याचं आलं ते 'मायनस वन'. सोर्स पॅकेजमध्ये एक कंपाइल केलेली जार फाइल (मूळ कोड नव्हे, त्यापासून बनवलेली तयार फाइल) राहिली होती. सोर्स रिलीजमध्ये ती चालत नाही, आणि आम्हा दोघींच्या नजरेतून सुटली होती. नियमाने एका विरोधी मताने रिलीज अडत नाही, पण रिलीज मॅनेजरने मतदान मागे घेतलं आणि नवं पॅकेज बांधायला घेतलं.

आता पुढचा अहवाल समोर आहे. साधनाने रिलीजच्या रकान्यात या तिमाहीसाठी शून्य भरून ठेवलंय, आणि त्या ज्येष्ठांचा निरोप आलाय की या वेळी तरी अडचणींचं सदर रिकामं ठेव. त्या 'मायनस वन'बद्दल मी चार ओळी लिहिल्या आहेत, 'अडचणी'त नव्हे, 'समुदायाचं आरोग्य' या सदरात. त्याला वाचायला पाठवल्यात.