परवा म्हणजे नक्की कधी?

ऑफिसच्या कॉलवर आमचा इंग्लंडचा क्लायंट बोलता बोलता म्हणाला की द अदर डे त्याचं व्हेंडरशी बोलणं झालं, आणि मिनिट्स लिहायचं काम माझ्या गळ्यात असल्याने मी तिथेच अडकलो, कारण आमच्या फॉरमॅटमध्ये तारखेचा रकाना रिकामा सोडता येत नाही. शेवटी विचारलंच, विच डे? तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, ओह, अ वीक ऑर टू बॅक.

हे तर आमच्या आईचं परवा झालं! आईच्या परवाला काही मापच नाही. "परवाच तर मावशी येऊन गेली" असं ती ऐन आषाढात म्हणते, आणि मावशी आलेली असते संक्रांतीला. त्यात परत परवा मागेही जातो आणि पुढेही, वाक्याच्या शेवटी क्रियापद येईपर्यंत माणूस आलाय का यायचाय ते कळत नाही. मला आपलं वाटायचं ही आपल्याच भाषेची ढिलाई, इंग्रजीत कसं सगळं मोजूनमापून असणार.

म्हणून डिक्शनरी उघडली तर गंमतच. बाराव्या शतकात अदर डे म्हणजे दुसरा दिवस, पुढचा. 1300 च्या आसपास तेच काल झालं, आणि पंधराव्या शतकात एक-दोन दिवसांपूर्वी. म्हणजे यांचाही शब्द पुढे-मागे फिरून आलाय. आणि जुन्या इंग्रजीत अदर म्हणजे दुसरा, तर आपला परवा आलाय संस्कृत परश्वस् वरून, त्यातला पर म्हणजे पलीकडचा, दुसरा. द अदर डे म्हणजे अक्षरशः परवाच की हो!

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. बाईंनी रिसेंटली म्हणजे अलीकडे, लेटली म्हणजे पण अलीकडे असं लिहून दिलं आणि आम्ही ते पाठ केलं. मग पहिल्या नोकरीत मी मेल टाकला, लेटली वी चेंज्ड द सर्व्हर, आणि साहेबांनी काही न बोलता लेटली खोडून रिसेंटली केलं. का ते बरीच वर्षं कळलं नाही. लेटली म्हणजे खरं तर आपलं हल्ली. हल्ली झोप नीट लागत नाही, हल्ली गुडघा दुखतो, काहीतरी चालू असलेलं. हल्ली मी साताऱ्याला गेलो असं आपण तरी कुठे म्हणतो, नुकताच गेलो म्हणतो नाहीतर मध्यंतरी. बाईंनी एवढं सांगितलं असतं तर काम झालं असतं (त्यांच्याकडे साठ पोरं होती म्हणा). आय हॅव मेट हिम द अदर डे हे मात्र माझ्या तोंडून अजूनही जातं, कारण आत कुठेतरी "भेटलोय" चालू असतं आणि इंग्रजीला तिथे साधं मेट हवं असतं.

नाउअडेज तर आमच्या निबंधाचा पहिला शब्द, विषय गाय असो की प्रदूषण. पुढे काहीतरी तक्रारच येणार हे ठरलेलं, आपल्या आजकालसारखंच.

पण सगळ्यांवर कडी केली भूगर्भवाल्यांनी. चार्ल्स लायल यांनी 1833 मध्ये पृथ्वीच्या आत्ताच्या कालखंडाला नावच दिलं रिसेंट. आता त्याला होलोसीन म्हणतात आणि तो सुरू झाला साधारण 11,700 वर्षांपूर्वी. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "बघ, आणि मला हसतोस."

परवाच्या मिनिट्समध्ये मी पण तारखेच्या रकान्यात द अदर डे ठोकून दिलं. अजून कुणी काही विचारलेलं नाही.