सहा मीटरची जाळरेषा आणि सात काजू

शिरोलीच्या एका फौंड्रीत मी सतरा वर्षं भट्टीवर आहे. त्यामुळं आप्पांनी (माझे धाकटे चुलते) फोनवर विचारलं, "जाळरेषेला माणसं कमी पडत्यात, येतोस काय?" तेव्हा मी हसलोच. जाळरेषा म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत आधीच कापून, जाळून मोकळी केलेली पट्टी. रोज वितळलेलं लोखंड ओतणाऱ्या माणसाला गवत जाळायला बोलावताय होय?

आमचं गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, दाजीपूरच्या वाटेवर डोंगराच्या कुशीत. वर सडा (कातळाचं पठार), सड्याखाली राखीव रान, रानाच्या पायथ्याला आमची मालकी. थोडा काजू, थोडी नाचणी, बाकी वैरणीचं गवत. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये वणवा आला आणि आप्पांच्या वैरणीच्या दोन गंज्या गेल्या. कुठून आला, कुणी लावला, कुणालाच सांगता येईना. कुणी बांध जाळला असेल, कुणी तरव्यासाठी (रोपांच्या वाफ्यासाठी) पालापाचोळ्याचा राब भाजताना जागेवरनं उठून गेलं असेल. 'जाळलं की पुढच्या साली गवत फोफावतं' असं म्हणणारे तर प्रत्येक गावात चार-पाच असतातच. आपोआप लागला म्हणावं तर आमच्याकडं वीज पडते ती वळवाच्या पावसासोबत. म्हणजे माणसाचाच हात.

अर्ज कुठं द्यायचा यातच पंधरा दिवस गेले. वनखात्यात वन्यजीव विभाग वेगळा, प्रादेशिक वेगळा, आणि रानातून फिरणाऱ्या माणसाला ही हद्द काही दिसत नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलो. शेवटी गावाच्या वन समितीच्या अध्यक्षांनी गार्डसाहेबांना थेट आमच्या पडवीत आणून बसवलं आणि काम चहाच्या एका कपात मिटलं. रानाच्या बाजूची पट्टी खातं जाळणार, आम्ही आमच्या बाजूची कापायची आणि जाळायच्या दिवशी हाताखाली उभं राहायचं. आपल्या मनानं काडी ओढायची नाही. राखीव रानात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा, अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३०. साहेबांनी हे दोन्ही आकडे पाढ्यासारखे म्हणून दाखवले.

मी माझं फौंड्रीचं घोडं पुढं दामटलंच. "साहेब, आगीचं मला नका सांगू, सतरा वर्षं भट्टीवर आहे."

ते म्हणाले, "तुमची आग भांड्यात असती. हितं भांडंच न्हाई. ते आधी करायचं."

भांडं करणं म्हणजे कापणी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नऊ माणसं विळे घेऊन चढलो. सहा मीटर रुंद पट्टी आखायची, तिच्या दोन्ही कडा मातीपर्यंत साफ करायच्या, कापलेलं गवत मधे ओढून वाळत टाकायचं. ऐकायला सोपं आहे. कुसळीच्या रानात दोन तास वाकून बघा. कुसळं पँटमधून, मोज्यातून आत शिरतात आणि रात्री अंथरुणात सापडतात. चार दिवसांत आमची जेमतेम सातशे मीटर रेषा झाली. आग लावायच्या कामात आग कुठंच नव्हती, नुसता विळा आणि पाठदुखी.

खात्याच्या हिशोबात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी जाळरेषा पुऱ्या व्हायला लागतात. आमची पाळी जानेवारीच्या अखेरीस आली. पहाटे साडेपाचला डोंगरावर पोचलो तर गवतावर दहिवर, हाताला नुसतं पाणी लागत होतं. साहेब निवांत बसले. साडेआठला त्यांनी एक काडी उपटून वाकवली. ती लवून मग तुटली. "आता लावायचं. कडाकडा मोडायला लागलं की आजचं काम बंद." मग मूठभर माती वरून सोडली आणि ती कुठल्या अंगाला उडते ते बघितलं.

पेटवण्याआधी आम्हाला पट्टीतून ओळीनं चालायला लावलं, काठी आपटत. दोन लावऱ्या फडफडत उडाल्या, एक ससा खालच्या करवंदीत गेला. मग त्यांनी सांगितलं ते मला आजही आठवतं: चारी बाजूंनी कधी पेटवायचं नाही. एक तोंड उघडं ठेवायचं. चारी बाजूंनी पेटवतो तो शिकारी.

आग वरच्या अंगानं लावली. मला वाटलं होतं खालून लावावी, पटकन संपेल. पण डोंगर चढताना आग पळते. ज्वाला वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात, गवत वाट बघत असल्यासारखं पेट घेतं. उतरताना तीच आग रांगत येते, गुडघ्याएवढी, शेजारून चालत जावं इतकी हळू. दोन्ही कडांना जांभळीच्या ओल्या फांद्या घेऊन माणसं, पाठीवर औषध फवारायचे पंप, त्यात साधं पाणी. खात्याचा एक ब्लोअर होता, त्यानं पाचोळा मागं रेटला जायचा. मला आधीच दम दिला होता, नायलॉनचा शर्ट नको, सुतीच घाल. साडेदहाला पट्टी काळी झाली. भट्टीचा माणूस म्हणून मी खूश.

चूक त्यानंतर झाली, आणि ती माझीच. साहेब वरच्या टोकाला निखारे बघत होते, खालचं टोक माझ्याकडं होतं. धूर दिसेना म्हणून मी भाकरीचं फडकं सोडलं. पट्टीच्या कडेला गव्याचं वाळकं शेण होतं, पराती एवढं. वरून राखेसारखं थंड, आतून धुमसत. साडेबाराला वारं सुटलं, शेणाचा तुकडा उडून न कापलेल्या गवतात पडला आणि आग वर पळाली, मगाशी सांगितलं तशीच. विझवेपर्यंत दहा गुंठे गवत आणि आप्पांची दोन वर्षांची सात काजूची रोपं गेली. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी रोपं मोजली फक्त.

त्यानंतर आम्ही दोघंजण संध्याकाळपर्यंत एकेक शेणाची पो काठीनं फोडत, पाणी मारत फिरलो. प्रत्येक पो उघडून, आतला भाग उलट्या हातानं जवळून बघायचा, गरम लागतो का. कुणी यंदा जाळरेषेला जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा. आग लावायला दोन तास लागतात, ती मेली हे बघायला सहा.

दुपारी सावलीला बसलो ते कुंभ्याच्या झाडाखाली. मागच्या वर्षीच्या वणव्यात त्याचं खोड काळं पडलेलं, पण वर ठणठणीत. साल बोटभर जाड. आप्पा म्हणाले, पूर्वी तोड्याच्या बंदुकीचा तोडा (पेटती वात) ह्याच्याच सालीचा वळायचे, हळूहळू धुमसत राहतो म्हणून. ऐनाचंही तसंच, मगरीच्या पाठीसारखी साल, साधी आग पचवतो. अंजनीसारखी पातळ सालीची झाडं मात्र पोळतात, आणि खालची रोपं तर सगळीच जातात. मग मोकळ्या जागेत रानमोडी आणि घाणेरी ही तणं घुसतात. रानमोडी उन्हाळ्यात वाळून काड्यापेटी होते. पुढच्या साली आग तिथंच आधी, आणि जास्त.

साहेबांना मी विचारलं, मग आग वाईटच का? ते म्हणाले, सगळीकडं नाही. काझीरंगात गवत दरवर्षी खातंच जाळतं, गेंड्यांना कोवळं मिळावं म्हणून. कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिग लोक थंडी संपता संपता नुसता पाचोळा जाळायचे. ती प्रथा बंद झाल्यावर घाणेरी माजली, असं त्यांचं म्हणणं आहे. आमच्या पावसाळी रानाला मात्र एप्रिलच्या आगीची सवय नाही. जानेवारीतली रांगती आग आणि एप्रिलमधली पळती आग ही एकच गोष्ट नाही, हे मला सातशे मीटर कापल्यावर कळलं.

खरी परीक्षा मार्चच्या मध्यात झाली. रात्री आठला काकींचा फोन, "सड्यावर लाल दिसतंय." मी आणि चुलतभाऊ मोटारसायकलनं दहाला पोचलो. वाटेतच वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकाला फोन लावला होता. वणवा पलीकडच्या अंगानं उतरून आमच्या रेषेशी येऊन थबकला. खरंच थबकला, काळ्या कडेवर दिव्यांची रांग लावल्यासारखा. एकाच ठिकाणी ओलांडला, ओहोळापाशी. तिथं आम्ही जानेवारीत साफ केलं होतं, पण मधल्या दीड महिन्यात पानगळ झाली आणि रेषेवर वीतभर पाचोळा साठला. झाडून काढायला कुणी गेलं नव्हतं. तेवढी जागा फांद्यांनी झोडपून रात्री दोनपर्यंत हातात आली.

तीन वाजून गेल्यावर पडवीत चहा घेताना माझा मोबाइल वाजला. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या आगीच्या संदेशांसाठी मी हौसेनं नाव नोंदवलं होतं. आमच्या डोंगरावर आग असल्याची बातमी होती. साहेब म्हणाले, "उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमाराला डोक्यावरनं जातो, त्याला दिसल्यावर मग आपल्याला." शिवाय त्याचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटर, आमच्या निम्म्या रेषेपेक्षा जास्त. काकी चुलीपाशी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "माझं नंबर द्या की त्यास्नी."

आता त्या पट्टीत कोवळं हिरवं फुटलंय. गेल्या आठवड्यात गव्याचे खूर उमटलेले दिसले, मोठा आणि शेजारी लहान. वासरू असावं. मेमध्ये राब भाजायच्या आदल्या दिवशी आप्पांनी स्वतः गार्डसाहेबांना फोन केला, हे मात्र मी पहिल्यांदाच बघितलं. जूनमध्ये सात काजू लावायचे आहेत. खड्डे मी खणायचे, पावती माझ्या नावावर.