भुईकाटा का अडकतो? कळंबजवळच्या गावात ट्रेस-सीएमडी आणि कर्नलशार्क

मामेभावाचा फोन आला तेव्हा कापसाचा हंगाम भरात होता. त्यांच्या शेतकरी कंपनीच्या आवारात भुईकाटा आहे आणि काट्याचं वजन केबलने एका जुन्या संगणकावर येतं. दिवसातून पाच-सात वेळा पडद्यावरचा आकडा अडकायचा. बंडी (कापसाची बैलगाडी) उतरून दुसरी चढली तरी आकडा पहिलीचाच. "दादा, लोकं म्हणून राह्यले का काट्यात गडबड आहे. तू एकडाव येऊन पाह्य," एवढंच तो म्हणाला. क्विंटलमागे दोन किलोचाही संशय आला तर शेतकरी कापूस दुसरीकडे नेतो, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही. म्हणून गेलो.

नागपूरला गणेशपेठेतून यवतमाळची एसटी धरली. वर्धा, देवळी, मग वर्धा नदीचा पूल, की यवतमाळ जिल्हा सुरू. कळंबला उतरलो, चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि राळेगावच्या रस्त्याला भावाच्या मोटरसायकलवर बसलो. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली पऱ्हाटी, मधूनमधून तूर. डिसेंबरात सकाळी हात गारठतात, हातमोजे घेऊन जा.

काट्याचा इंडिकेटर दर सेकंदाला वजनाच्या दहा ओळी ९६०० बॉड वेगाच्या सीरियल केबलवर पाठवतो. संगणकावरचा छोटा पायथन प्रोग्राम त्या वाचतो, पडद्यावर दाखवतो आणि डेटाबेसमध्ये नोंदवतो. प्रोग्राम लिहिणारा पोरगा गावातलाच, हुशार आणि मेहनती. केबल बदलून झाली होती, इंडिकेटर तपासून झाला होता. वजनमापवाल्यांचं सील शाबूत होतं. सीपीयूचा वापर पाहिला तर दहा टक्केही नाही. "मशीन तं रिकामीच बसून राह्यते, मग अडकते काहून?" असं त्याने विचारलं. सरासरी दाखवणाऱ्या साधनांनी हा प्रश्न सुटत नाही. नेमक्या त्या तीन सेकंदांत कोण कशाची वाट पाहत होतं, हे घटनांच्या क्रमाने पाहावं लागतं, आणि ट्रेस, म्हणजे संगणकातल्या घटनांची वेळेसकट नोंद, त्यासाठीच असतो.

त्या संगणकावर लिनक्स होतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, एफट्रेस ही ट्रेस घेणारी यंत्रणा २००८ साली आलेल्या २.६.२७ या आवृत्तीपासून आहे. तो मुख्यतः स्टीव्हन रोस्टेड यांनी घडवला. त्यामुळे संगणक जुना असला तरी नोंद घेणारी यंत्रणा बहुधा आतच असते. रूट होऊन /सिस/कर्नल/ट्रेसिंग या फोल्डरात डोकवा. तो रिकामा दिसला तर ट्रेसएफएस माउंट करावी लागेल. फार जुन्या कर्नलवर तो डीबग फोल्डराखाली सापडतो. त्यावर चालणारी आज्ञा म्हणजे ट्रेस-सीएमडी, आणि तिची फाइल चित्ररूपात दाखवतो तो कर्नलशार्क.

आता बांधणी, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं. क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी लिबट्रेसइव्हेंट, मग लिबट्रेसएफएस, मग ट्रेस-सीएमडी, शेवटी कर्नलशार्क. प्रत्येकाला आधीच्याची गरज असते. चारही सोर्स मी नागपूरहूनच पेनड्राइव्हवर नेले होते आणि तेच शहाणपणाचं ठरलं, कारण आवारात मोबाइलचं नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळतं. पण एक गोष्ट मी विसरलो. लिबट्रेसएफएसच्या बांधणीला फ्लेक्स आणि बायसन ही दोन साधनं लागतात, आणि ते त्या संगणकावर नव्हते. त्यावर डेबियनची इतकी जुनी आवृत्ती होती की नेहमीच्या सर्व्हरवरून पॅकेजेस उठून गेली होती. अशा आवृत्त्या डेबियनच्या आर्काइव्ह सर्व्हरवर मिळतात. सोर्स-लिस्टमध्ये तो पत्ता टाकावा लागतो, आणि रिलीज फाइलची मुदत संपल्याची तक्रार आली तर तेवढ्या वेळेपुरती मुदतीची तपासणी बंद करून अ‍ॅप्ट चालवावं लागतं. टाकीखाली उभं राहून फोनच्या हॉटस्पॉटवर या दोन पॅकेजेसपायी माझा पाऊण तास गेला. तुम्ही जाणार असाल तर समोरच्या संगणकाची आवृत्ती आधी फोनवर विचारा, त्या आवृत्तीची जीसीसी, मेक, पीकेजी-कॉन्फिग, फ्लेक्स आणि बायसनची डेब पॅकेजेस उतरवा, आणि मगच एसटीत बसा.

लिबट्रेसइव्हेंट दोन-तीन मिनिटांत बांधून झालं. मेक, सुडो मेक इन्स्टॉल, आणि लगेच सुडो एलडीकॉन्फिग. ही तिसरी आज्ञा राहिली की पुढे "लायब्ररी सापडली नाही" असं येतं आणि माणूस नसत्या जागी शोधत बसतो. लायब्ररी यूजर-लोकलखाली बसते, म्हणून पीकेजी-कॉन्फिगला ती दिसली नाही तर पीकेजी_कॉन्फिग_पाथमध्ये तो रस्ता द्या.

ट्रेस-सीएमडीची बांधणी अर्ध्यावर असताना वीज गेली. इन्व्हर्टर काट्याच्या इंडिकेटरला होता, संगणकाला नव्हता. वीज आल्यावर मी तसंच मेक पुढे चालवलं आणि जोडणीच्या वेळी फाइल तुटकी असल्याची चूक आली. अचानक वीज गेली की शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइली मागे राहतात, पण मेकला त्या तयार झालेल्याच वाटतात. मेक क्लीन करून नव्याने सुरू करा, त्यात शोधाशोधीचा वेळ वाचतो.

नोंद कशी घ्यायची यावर सगळ्यात जास्त विचार करावा लागला. ट्रेस-सीएमडी रेकॉर्ड आपली फाइल डिस्कवर लिहीत राहतं, आणि माझा संशय डिस्कवरच होता. तपासणाऱ्यानेच डिस्कची गर्दी वाढवली तर पुरावा बिघडतो. म्हणून रेकॉर्डऐवजी ट्रेस-सीएमडी स्टार्ट वापरलं. त्यात नोंद फक्त मेमरीतल्या गोल बफरमध्ये राहते आणि बफर भरला की जुनी पुसली जाते. आकडा अडकल्याबरोबर स्टॉप, मग एक्स्ट्रॅक्ट करून फाइल पेनड्राइव्हवर. घटना तीनच गटांतल्या घेतल्या: शेड (सीपीयूवर कोण चढलं-उतरलं), ब्लॉक (डिस्कची कामं) आणि आयआरक्यू (हार्डवेअरने दिलेल्या हाका). बफर -बी ने प्रत्येक सीपीयूमागे ८१९२ केबी केला. फंक्शन ट्रेसरच्या मोहात पडू नका. त्यात कर्नलचं जवळजवळ प्रत्येक फंक्शन नोंदलं जातं आणि काही क्षणांतच हवा तो भाग वाहून जातो.

काट्यावरच्या पोराला एक काम दिलं. नवी बंडी काट्यावर चढली की एक बटन दाबायचं, आणि त्या बटनामागे ट्रेस_मार्कर या एफट्रेसच्या फाइलमध्ये "बंडी" असा शब्द लिहिणारी छोटी स्क्रिप्ट. त्यामुळे कर्नलच्या हजारो घटनांमध्ये आपल्या आवारातल्या घटनेचीही खूण उमटते. दुपारी तीनच्या सुमारास तो ओरडला, "अडकला, अडकला!" आणि मी स्टॉप दाबलं. ज्यांची बंडी होती ते काकाजी काही न बोलता संगणकाजवळ येऊन उभे राहिले. मी सांगितलं, आता कारण सापडेल. त्यांनी मान हलवली आणि कापूस तसाच ठेवून वाट पाहिली.

कर्नलशार्क मी त्या संगणकावर बांधलाच नाही, आणि तुम्हीही बांधू नका. ट्रेसच्या फाइलमध्ये घटनांची रचना आणि कर्नलच्या फंक्शनांची नावं सोबतच असतात, त्यामुळे ती कुठल्याही दुसऱ्या लॅपटॉपवर उघडते. कर्नलशार्क १.० हे योर्दान कराझोव्ह यांनी क्यूटी या खिडक्या-बटनांच्या लायब्ररीवर नव्याने लिहून २०१९ मध्ये आलं. आताच्या आवृत्तीला क्यूटी, सीमेक, जेसन-सी, फ्रीग्लुट आणि फ्रीसॅन्स हा फॉन्ट लागतो. फॉन्ट नाही म्हणून बांधणी थांबेल असं कुणाला वाटत नाही, पण थांबते. आणखी एक अडथळा: ट्रेस-सीएमडीचं साधं मेक इन्स्टॉल लिबट्रेससीएमडी ही लायब्ररी बसवत नाही. त्यासाठी मेक इन्स्टॉल_लिब्ज वेगळं चालवावं लागतं, नाहीतर सीमेक तिथेच अडतं. माझ्या लॅपटॉपवर हे सगळं घरीच करून ठेवलं होतं, म्हणून काकाजींना जास्त थांबावं लागलं नाही.

फाइल उघडून पायथनच्या प्रोग्रामची पट्टी लावली. "बंडी" या खुणेपाशी प्रोग्राम शेड_स्विच (सीपीयूवरून उतरण्याची घटना) मध्ये डी अवस्थेत जाताना दिसला, म्हणजे डिस्कच्या उत्तराशिवाय न उठणारी झोप. कर्नलशार्कचा मार्कर ए झोपेच्या सुरुवातीला, मार्कर बी जागं होण्याला, आणि दोन्हींमधलं अंतर २.८ सेकंद. त्याच वेळात ब्लॉकच्या घटनांची रांगच रांग, सगळ्यांवर केवर्करचं नाव. केवर्कर दुसऱ्यांचं लिखाण डिस्कवर पोहोचवतो, त्यामुळे त्या नावावरून मूळ माणूस कळत नाही. मी विचारलं, या संगणकावर आणखी काय चालतं? उत्तर आलं, आवारातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. तेही त्याच डिस्कवर.

कॅमेरा अर्धा तास बंद ठेवून पुन्हा नोंद घेतली. लांब झोप एकदाही नाही. मग पोराने स्वतःच प्रोग्राम उघडून दाखवला: वजनाच्या प्रत्येक ओळीमागे डेटाबेसचं कमिट, म्हणजे नोंद डिस्कवर पक्की करणं. सेकंदाला दहा वेळा डिस्कची वाट. कॅमेऱ्याच्या गर्दीत ती वाट लांबली की सीरियलच्या ओळी कर्नलच्या ४०९६ बाइटच्या बफरमध्ये साचायच्या. तिथे ओळी हरवत नाहीत, म्हणून प्रोग्राम जागा झाल्यावर आधी मागच्या बंडीचंच वजन वाचायचा. काटा पूर्ण वेळ बरोबर मोजत होता.

काकाजींना पडद्यावर ती रिकामी पट्टी दाखवली. "म्हंजे वजन खरं, दाखवणं उशिरा," ते म्हणाले, आणि बंडी पुन्हा काट्यावर घेतली.

त्याच संध्याकाळी पोराने कमिट फक्त स्थिर झालेल्या वजनावर ठेवलं, वजन घेण्याआधी साचलेल्या ओळी टाकून देणारी एक ओळ घातली, आणि कॅमेऱ्याला दुसरी डिस्क लावायचं ठरलं. परत निघताना ट्रेस-सीएमडी बंद करणं विसरू नका. ट्रेस-सीएमडी रीसेट -बी ० चालवलं की ट्रेस थांबतो आणि मेमरीही मोकळी होते; नुसत्या रीसेटने बफर लहान होत नाही, ८१९२ केबीचे ते बफर तसेच अडकून राहतात. मी रीसेट करून निघालो. भावाने कळंबपर्यंत सोडलं आणि नागपूरची गाडी मिळेपर्यंत थांबला.