भिंतीवरचे तक्ते आणि अण्णांचा फोन

सदाशिव पेठेत राहून एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची तयारी करत होतो तेव्हाची गोष्ट. एका कार्यशाळेत आम्हाला 16 प्रश्नांची प्रश्नावली भरायला दिली. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची 'वार्क' नावाची ती पद्धत. पाहणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं आणि करून बघणं, यांपैकी आपला कल कुठे आहे ते त्यातून कळतं. माझा कल 'पाहणं' निघाला. मला तो लगेच पटला, कारण नकाशे आणि आकृत्या मला शाळेपासून आवडतात.

मग मी झपाटल्यासारखा तक्ते करत सुटलो. पंचायतराजचा तक्ता तर कॉटच्या वरच लावला होता. वसंतराव नाईक समिती 1960 पिवळ्या चौकोनात, बोंगिरवार समिती 1970 हिरव्यात, पी. बी. पाटील समिती 1984 गुलाबीत. झोपताना आणि उठताना नजर त्याच्यावरच जायची. सगळं पाठ झालंय अशी खात्री वाटायची.

सराव परीक्षेत बोंगिरवार समितीचं वर्ष विचारलं. डोळ्यांसमोर हिरवा चौकोन लख्ख उभा राहिला, कोपऱ्यातला शाईचा डागसुद्धा दिसला. आकडा मात्र आला नाही. मी 1984 वर खूण केली. असे सात-आठ प्रश्न त्या दिवशी गेले. तासाभरात 100 प्रश्न सोडवायचे असताना आठवत बसायला वेळ नसतो.

त्या रात्री अण्णांचा फोन आला. ते पाच वर्षं आमच्या ग्रामपंचायतीत सदस्य होते. "काय वाचलंस आज?" म्हणाले. मी पंचायतराज सांगितलं. "मग सांग, आपल्या ग्रामसेवकाची नेमणूक कोण करतं?" मी म्हणालो, "जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी." "बरं, मग गटविकास अधिकाऱ्याचं काय काम?" इथे मी अडखळलो. तक्त्यात दोघांमध्ये बाण होता, पण त्या बाणाचा अर्थ मला सांगता येईना. अण्णांना समजेल असं बोलायचं म्हणून मी एकेक धागा जोडत गेलो. वीस मिनिटं बोललो असेन. त्यातलं एक अक्षर मी पुढे विसरलो नाही.

तिथून मी स्वतःकडे नीट बघायला लागलो. झेरॉक्सच्या दुकानातून पाठकोरे कागद आणले. पुस्तक मिटायचं, आठवेल तेवढं लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, चार दिवसांनी पुन्हा. सुरुवातीला कागद लालच व्हायचा, आणि ते बघून खरंच पोटात खड्डा पडायचा. तक्ता बघताना जे समाधान मिळायचं, त्याचा इथे मागमूस नव्हता.

नंतर शोधून वाचलं तेव्हा उलगडा झाला. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी 2008 मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं होतं. माणसाच्या कलानुसार शिकवलं की तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते, तर आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे. माझ्या सराव परीक्षेत हेच घडलं होतं.

आवड खोटी नसते. आकृती काढायला बसलो की मी तीन तास हलत नाही, ते बळ मला हवंच आहे. पण विचार करायची माझी रीत विषयागणिक वेगळी निघाली. राज्यघटना मला मोठ्यानं बोलल्याशिवाय सुटत नाही. गणिताला एकांत लागतो, कुणी शेजारी पुटपुटलं तरी पायऱ्या चुकतात. भूगोलाला नकाशाच लागतो, तोही कोऱ्या कागदावर स्वतः काढलेला. छापील नकाशा बघून माझ्या नद्या जागेवर राहत नाहीत.

पुढच्या वर्षी मी पूर्व परीक्षा पास झालो. मुख्य परीक्षेच्या अभ्यासातही रात्री साडेनऊला अण्णांचा फोन ठरलेला असायचा. मी पाठकोरा कागद पुढ्यात घेऊनच तो उचलायचो.