पोस्टर घेऊन व्हिएन्नाला: संशोधक विद्यार्थ्यांसाठी शेंगेन व्हिसाचा अनुभव

युरोपियन जिओसायन्सेस युनियन, म्हणजे ईजीयू या भूविज्ञान संशोधकांच्या संघटनेची वार्षिक सभा २०२५ साली २७ एप्रिल ते २ मे या काळात व्हिएन्नात झाली. पुरंदर तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी आणि दख्खनच्या बसाल्टचे थर हा माझ्या पीएच.डी.चा विषय. त्यावरचं, सभेत बोर्डावर लावायचं पोस्टर घेऊन मी पुण्याहून गेले आणि परत आले. सभेत काय पाहिलं ते पुन्हा कधीतरी लिहीन. आत्ता शेंगेन व्हिसाबद्दल, म्हणजे ऑस्ट्रियासह युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाबद्दल लिहिते, कारण परत आल्यापासून आमच्या विभागातली मुलं-मुली तेवढंच विचारताहेत, आणि मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाया गेलं नसतं.

त्या वर्षाबद्दल आधी सांगते. २०२४ मध्ये युरोपातल्याच दुसऱ्या एका देशात एका कार्यशाळेसाठी माझी निवड झाली होती. व्हिसा नाकारला गेला. नकाराचा छापील फॉर्म असतो आणि त्यात कारणापुढे खूण केलेली असते. माझ्या फॉर्मवर, मुदत संपण्याआधी मी परत जाईन याबद्दल शंका आहे, या कारणापुढे खूण होती. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मग गाइड मॅडमनी माझी फाइल मागवून घेतली आणि अधिकाऱ्याच्या नजरेने एकेक कागद वाचायला लावला. तेव्हा लक्षात आलं की मी तिकडे का जाणार हे सांगणारे सात कागद होते आणि इकडे परत का येणार हे सांगणारा एकही नव्हता. विद्यापीठाचं बोनाफाईड होतं, पण त्यात पीएच.डी. कधी संपणार, फेलोशिप कधीपर्यंत आहे, याचा उल्लेखच नव्हता.

शिवाय बँकेचं स्टेटमेंट. आपल्याकडे फेलोशिप दर महिन्याला खात्यात येतेच असं नाही. माझी चार-पाच महिन्यांची एकदम जमा व्हायची. आपल्याला त्याची सवय असते, पण बाहेरच्या माणसाला तीन महिने रिकामं खातं आणि अर्जाच्या तोंडावर अचानक आलेले दीड-दोन लाख दिसतात. कोणीतरी उसने पैसे टाकलेत असा संशय येणं साहजिक आहे. यावेळी मी फेलोशिपचं मंजुरीपत्र जोडलं, स्टेटमेंटवर त्या नोंदीपुढे पेन्सिलीने खूण केली आणि कव्हरिंग लेटरमध्ये दोन ओळींत लिहिलं की ही अमुक महिन्यांची एकत्रित रक्कम आहे. ज्यांची फेलोशिप अशी येते त्यांनी हे कराच.

मॅडमनी या वेळी लेटरहेडवर वेगळं पत्र दिलं: मी कोणत्या वर्षाला आहे, जूनमध्ये पावसाळ्याआधी कोणत्या गावांत मोजणी करायची आहे, प्रबंध केव्हा सादर होणार. जूनच्या मोजणीचं ते एक वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. परतण्याचं कारण असं ठोस हवं. जुन्या नकाराबद्दलही मी कव्हरिंग लेटरमध्ये स्वतःहून लिहिलं. लपवून उपयोग नसतो, कारण शेंगेन देशांची व्हिसाची माहिती एकाच प्रणालीत असते आणि नकाराची नोंद तिथे ५ वर्षं राहते.

आता वेळेचं गणित. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी तो जमा व्हावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण कागदपत्रं तपासायची ठरली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. ईजीयूच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टची (संशोधनाच्या सारांशाची) मुदत जानेवारीच्या मध्यात संपते. म्हणजे ६ महिन्यांची सवलत कागदावरच राहते. हातात खरे तीन महिने, आणि त्यातूनही स्वीकृतीची मेल येईपर्यंतचे आठवडे वजा. म्हणून अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवला त्याच आठवड्यात मी बाकीचे कागद गोळा करायला लागले: एनओसी, रजेची मंजुरी, आयटी रिटर्न, फोटो. एनओसीची फाइल आमच्याकडे चार टेबलांवरून फिरते. मेल आली तेव्हा फक्त निमंत्रणपत्र जोडायचं राहिलं होतं. अपॉइंटमेंट मुंबईच्या व्हिसा अर्ज-केंद्राची मिळाली. १० मार्चला अर्ज दिला आणि पाडव्याच्या दोन दिवस आधी पासपोर्ट घरी आला. मुंबईच्या केंद्रात फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतात, ऑस्ट्रियाच्या व्हिसाचा निर्णय दिल्लीच्या दूतावासात होतो. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाशी वाद घालून काही साधत नाही, त्याच्या हातात काही नसतं. आधीच्या अर्जात ठसे दिले असतील आणि ५९ महिने उलटले नसतील तर तेच चालतात.

फीबद्दल फार कमी जणांना माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते. जून २०२४ पासून मोठ्या माणसांसाठी शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आहे, म्हणजे आठ हजारांच्या पुढे. पण युरोपियन युनियनच्या व्हिसा संहितेतल्या कलम १६ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की संशोधनासाठी किंवा वैज्ञानिक परिषदेसाठी येणाऱ्या संशोधकांकडून ही फी घेऊ नये. संशोधक म्हणजे पीएच.डी. झालेलेच नव्हेत, पीएच.डी.ला प्रवेश मिळण्याइतकी पदवी असलेलेही त्या व्याख्येत येऊ शकतात. मी त्या कलमाचा उल्लेख करून एक पानाचं विनंतीपत्र फाइलच्या वरच ठेवलं आणि माझी फी माफ झाली. अर्ज-केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावंच लागतं. तुमच्या बाबतीत अर्थ कसा लावतील याची खात्री नसते, म्हणून पैसे जवळ ठेवा, पण विचारा नक्की. महिन्याला ३७ हजार फेलोशिप मिळणाऱ्या मुलाला आठ हजार म्हणजे अर्ध्या महिन्याची खानावळ आणि खोलीभाडं.

नावांचा घोळ हा खास आपल्याकडचा. माझ्या पासपोर्टवर माझं आणि वडिलांचं नाव एकत्र आहे, आडनाव वेगळं. सभेच्या नोंदणीत मी वडिलांचं नाव टाकलं नव्हतं, त्यामुळे निमंत्रणपत्रावर ते आलं नाही. मी लगेच नोंदणी दुरुस्त करून पत्र पुन्हा काढून घेतलं. आमच्या लॅबमधल्या एका ताईंचं प्रकरण याहून अवघड होतं. त्यांचे सगळे पेपर माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने. त्यांनी विवाह प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र, दोन्हींच्या प्रती इंग्रजी भाषांतरासह जोडल्या. लग्न ठरलेल्या आणि पेपर छापून आलेल्या मुलींना माझी कळकळीची विनंती आहे: पासपोर्टवरचं नाव बदलण्याआधी याचा विचार करा.

तारखांचंही तसंच. निमंत्रण, रजा, विमा, हॉटेल, तिकीट, या पाचांवरच्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. माझ्या रजेच्या पत्रात परतीचा दिवस एकाने कमी होता, तो मी आदल्या दिवशी कार्यालयात बसून बदलून घेतला. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन क्षेत्रासाठी आणि पूर्ण मुक्कामाचा हवा. तिकीट व्हिसा हाती येईपर्यंत नुसतं आरक्षित ठेवा, पैसे भरू नका. केंद्र सरकारच्या निधीतून जाणाऱ्यांना तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या सरकारी कंपन्यांकडूनच काढावं लागतं. स्वस्त दिसलं म्हणून दुसरीकडून काढलं तर पैसे परत मिळताना अडतं.

सभेनंतर एखाद्या प्रयोगशाळेत जाणार असाल तर अर्ज कुठे करायचा ते आधी ठरवा. माझा एक मित्र व्हिएन्नात पाच दिवस आणि पुढे झुरिकमध्ये दहा दिवस राहणार होता. मुख्य मुक्काम जिथे, अर्ज त्या देशाकडे. म्हणून त्याने स्वित्झर्लंडकडे केला.

पासपोर्ट परत आला की व्हिसाचं स्टिकर तिथल्या तिथे वाचा. वैधतेच्या तारखा वेगळ्या आणि राहण्याच्या दिवसांचा आकडा वेगळा. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही मोजले जातात.

व्हिएन्नाच्या विमानतळावर अधिकाऱ्याने मला दोनच प्रश्न विचारले, कशासाठी आणि किती दिवस. निमंत्रण आणि परतीचं तिकीट छापील स्वरूपात हातात ठेवा, मोबाइलवर शोधत बसू नका. पोस्टर कापडावर छापून घेतलं तर घडी करून पाठपिशवीत मावतं. विमानतळावरून एस-७ लोकल पकडून प्राटरस्टर्नला उतरा, तिथून यू-१ मेट्रोने तिसरं स्टेशन काइझरम्यूलन. सभा भरते ते ऑस्ट्रिया सेंटर समोरच आहे. रविवारी तिथली किराणा दुकानं बंद असतात. प्राटरस्टर्न स्टेशनातलं उघडं असतं, मी तिथूनच ब्रेड आणि दही घेतलं. १ मे हा तिथेही सुटीचा दिवस आहे, त्यामुळे त्याआधीच खरेदी करून ठेवा.

माझ्या शेजारच्या बोर्डावर एक नाव आणि विषय छापलेला कागद होता, पोस्टर नव्हतं. पूर्ण दिवस तो बोर्ड रिकामाच राहिला. तो कोण होता, का आला नाही, मला कळलं नाही. पण मागच्या वर्षी त्या दुसऱ्या देशात माझाही बोर्ड असाच असणार, हे मनातून जाईना.

एक शेवटचं. परत आल्यावर व्हिसाच्या पानाची स्कॅन प्रत ठेवा, आणि २०२५ मध्ये माझ्या पासपोर्टवर मारले तसे शिक्के असतील तर त्यांचीही. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम असा आहे की ३ वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले तर पुढचा २ वर्षांचा, अनेकदा प्रवेश देणारा व्हिसा मिळू शकतो. माझा एक झाला आहे. दुसऱ्यासाठीचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहायला घेतला आहे. ज्यांना माझ्या कव्हरिंग लेटरचा आणि फी-माफीच्या विनंतीपत्राचा नमुना हवा असेल त्यांनी मागा, नावं काढून पाठवेन.