प्रौढ विश्वास कुठे दिसतो

आज उपासनेनंतर शरणपूरच्या आमच्या चर्चमध्ये बराच वेळ एकाच विषयावर बोलणं झालं: आध्यात्मिक प्रौढता ओळखायची कशी? किती वर्षं मंडळीत (चर्चच्या समुदायात) आहात, बायबलमधली किती वचनं पाठ आहेत, यावरून तर नाहीच. कुणी दुखावलं की आपण पहिल्यांदा कुणाकडे जातो, ते बघा.

बायबलमधल्या मत्तय १८:१५-१७ मध्ये क्रम स्पष्ट आहे. आधी एकांतात, ज्याने दुखावलं त्याच्याशीच. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घेऊन. तरीही नाही, तर मंडळीला सांगायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग प्रार्थनेचा विषय म्हणून चार घरी, मग पाळकसाहेब, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यात शेवटी कळतं. तोवर तो स्वतःची बाजू सावरायला लागलेला असतो. मन वळायचं राहूनच जातं.

एकांतात बोलतानाही एकच घटना घ्या, जुनी उणीदुणी नकोत. बायबलमधलंच गलतीकरांस पत्र ६:१ चुकलेल्याला सौम्यतेने सावरायला सांगतं, आणि तिथेच स्वतःकडेही लक्ष द्यायला.

आपल्याविरुद्ध कुणाच्या मनात काही असेल तर मत्तय ५:२३-२४: अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट. क्षमा मागताना ‘पण तूसुद्धा...’ जोडलं की पुन्हा भांडणच सुरू. प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचा) रविवार असेल तर शनिवारी संध्याकाळीच त्या घरी जाऊन या.