तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ते’ पुस्तक

जांभळी नाक्याला मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते, तर मागून आवाज आला, “काय हो, ते पुस्तक तुम्हीच सुचवलं होतंत ना? मग तुम्हाला आवडलं की नाही, ते तरी सांगा.” भाजीवाल्यासमोर! तलावपाळीच्या फेरीत हाच प्रश्न दोनदा आला, एका मुंजीत जेवणाच्या रांगेत एकदा, आणि धाकट्या जावेचा फोन असतोच. दहा महिने झाले. एकदा लिहूनच देते.

पुस्तक कुठलं ते तुम्हाला ठाऊक आहे. इंग्रजी, आजच्या काळातली प्रेमकथा. एकेचाळीस वर्षांची घटस्फोटित बाई, तिच्याहून धाकटा सुतार, आणि चारशे पानांतली चाळीसेक अशी, की लोकलमध्ये वाचताना पुस्तक छातीशी धरावं लागतं. मुखपृष्ठ मात्र बालवाडीच्या पुस्तकासारखं गुलाबी, कार्टूनवालं. हल्ली तीच रीत आहे. आमच्या कॉलेजच्या वेळी मिल्स अँड बूनच्या मुखपृष्ठावरच बटणं सुटलेली असायची आणि आत सगळं तीन टिंबांवर भागायचं. आता उलटं.

आमच्या नौपाड्यातल्या वाचनगटात त्यावरून काय झालं, तेही निम्म्या ठाण्याला माहीत आहे, पण सगळं चुकीचं. भांडण वगैरे झालं नाही. मतं पडली, एवढंच. घोडबंदर रोडहून येणाऱ्या दोघी मुलींनी “मिरच्या दोनच” असा निकाल दिला. असल्या पुस्तकांचा तिखटपणा मिरच्यांत मोजतात, हे मला तेव्हाच कळलं. गटातल्या वकीलकाकांनी कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांचा खटला काढला. 1962च्या दिवाळी अंकातल्या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1969 साली काकोडकर सुटले, हे त्यांनी सांगितलं. पुस्तकाबद्दल अवाक्षर नाही. मला वाटतं त्यांनी ते वाचलंच नव्हतं.

खरा विरोध बाईंचा. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनीच आम्हाला हाल राजाच्या प्राकृत ‘गाथासप्तशती’तल्या सातशे गाथांमधल्या निवडक ऐकवल्या होत्या. सून वाटसरूला सांगते ना, इथे सासू झोपते, इथे मी. दिवसाउजेडी नीट बघून ठेव, रात्री आमच्या अंथरुणावर येऊन पडशील! ती गाथा म्हणताना बाई चक्क लाजल्या होत्या. मी त्याची आठवण करून दिली, तर म्हणाल्या, “तिथे सुचवणं आहे, इथे नुसतं सांगणं. सुचवायला कवी लागतो.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. एवढंच वाटतं, की सुचवण्यावर भागवून भागवून आपल्याकडे या गोष्टींना धड शब्दच उरले नाहीत. एक तर डॉक्टरांचे, नाही तर शिव्यांतले. त्या दिवशीही दोन तास आम्ही ‘तसलं’ आणि ‘ती पानं’ यावरच काढले.

आणि मग काकू बोलल्या. सदुसष्ट वर्षांच्या. काका जाऊन चौदा वर्षं झालीत. गटात त्या सहसा बोलत नाहीत, खिचडीत मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारतात. माझीच प्रत मी त्यांना वाचायला दिली होती. तिला त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलं होतं. मांडीवर पुस्तक, त्यावर चतुर्थी आणि एकादशी. म्हणाल्या, “मला आवडलं बाई. ती पानं मी दोनदा वाचली. हे गेल्यापासून माझा हात कुणी हातात घेतला असेल, तर बीपी बघायला.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग पंखाच ऐकू यायला लागला. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण पुस्तक माझं. बाईंनी विचारलं, “तुम्हाला काय वाटलं हो?”

मी म्हटलं, “मी? मी तर ती पानं भराभर उलटली. मी गोष्टीसाठी वाचलं.”

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? समोर माझी विहीण बसली होती. लेकीच्या सासूसमोर असलं काही कबूल करायचं असतं का? हे कारण मी स्वतःला बरेच महिने दिलं. विहीण नसती तरी मी तेच म्हटलं असतं, हे आता कळतं. एकोणीस वर्षांच्या लेकीच्या हातातून असलंच एक पुस्तक ओढून माळ्यावर फेकणारी मीच. “डोकं सडतं याने,” म्हणाले होते. ती बाई माझ्यातून गेली, असं मला उगीच वाटत होतं.

काकूंनी मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. “हो का,” म्हणाल्या आणि रिकाम्या बशा गोळा करायला उठल्या.

आता जे कुणालाच माहीत नाही, ते. मला पेन्सिल घेऊन वाचायची सवय आहे. पान दोनशे बाराला तो दिवा घालवायला उठतो आणि ती म्हणते, राहू दे. पोटावरच्या टाक्यांसकट, दंडाच्या लोंबत्या मांसासकट, राहू दे दिवा. त्या ओळीखाली मी रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, ‘खरंय’. पुढच्या तीन पानांवरही रेघा होत्या. म्हणजे मी पानं उलटली म्हणाले, तेव्हा माझ्या रेघा काकूंच्या मांडीवर होत्या. त्यांना फक्त पुस्तक उघडून दाखवायचं होतं.

त्यानंतर काकू गटात आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. तीन आठवड्यांनी नातवाच्या हाती पुस्तक परत आलं, कॅलेंडरच्या कव्हरसकट. उघडलं, तर सगळ्या रेघा खोडलेल्या. नीट, कागद न फाटता. खोडरबराचा चुरा अजून शिवणीत अडकलेला. फक्त त्याच चार पानांवरच्या. बाकीच्या पुस्तकातल्या रेघा जशाच्या तशा.

माझी अब्रू झाकली, की मला चपराक दिली? दिवसाला एक उत्तर पटतं.

तर, आवडलं का? आवडलं. तिनशेव्या पानापर्यंत. मग क्षुल्लक गैरसमजावरून ताटातूट, विमानतळावर धावाधाव आणि शेवटी बाळ. पन्नास पानं मी खरंच भराभर उलटली ती इथे. तो सुतार अधूनमधून तिचा फोन बघतो आणि लेखिकेला ते प्रेम वाटतं, तेही मला खटकलं. बाईंचं सुचवण्याबद्दलचं म्हणणं अर्धं पटतं. पण ती चाळीस पानं त्या पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं आहेत. हे मला दहा महिन्यांपूर्वी, पंख्याखाली, म्हणायचं होतं.

काकूंच्या इमारतीखाली दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी लिफ्टपर्यंत पोचले होते, तर वरून वकीलकाका उतरले आणि म्हणाले, “अरे वा! बरं, ते पुस्तक तुम्हाला शेवटी...”

घाईत आहे म्हटलं, आणि परत फिरले.